नाईट शिफ्ट, अर्धवट सोडलेलं काम आणि सकाळचा फोन

पत्र :

काका, मी विमान मेंटेनन्समध्ये आहे, लायसन्स मिळून फार दिवस झालेले नाहीत. सलग चौथी नाईट होती. पहाटे चारच्या सुमारास एका इंजिनाचं ऑइल फिल्टर बदलत होतो, कव्हर लावलं, बोल्ट हाताने फिरवून बसवले आणि तेवढ्यात शेजारच्या विमानाकडून हाक आली, तिकडे माणूस कमी होता म्हणून गेलो. परत आलो, काउल (इंजिनावरचं झाकण) बंद केली, शिफ्ट संपताना टास्क कार्डवरच्या, म्हणजे कामाच्या पायऱ्यांच्या यादीवरच्या, सगळ्या सह्या एकदम केल्या. घरी येऊन आडवा झालो आणि आठवेचना की त्या बोल्टना टॉर्क दिला होता की नाही, म्हणजे रेंचने ठरलेल्या जोराने आवळले होते की नाही. अर्धा तास तसाच पडून राहिलो, शेवटी फोन केला. विमान निघायच्या बेतात होतं, ते थांबवलं, काउल उघडून बघितली, टॉर्क बरोबर निघाला. फ्लाइट चाळीस मिनिटं लेट. शिफ्ट मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "काही झालं नव्हतं ना, मग कशाला बोंब मारलीस? स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास." तेव्हापासून बाकीचे येता-जाता विचारतात, "काय रे, टॉर्क दिलास ना?" मी ठरवलंय की आता जास्त लक्ष देईन. पण काका, परत असं झालं तर फोन करू की गप्प बसू? आणि एवढी साधी गोष्ट विसरणारा माणूस या कामाला लायक आहे का?

– नाईट शिफ्टवाला

उत्तर :

अरे, सरळ विचारलंस म्हणून सरळच सांगतो. फोन करायचा. परत झालं तर परत करायचा, दहाव्यांदा झालं तरी करायचा, आणि तो अर्धा तास पडून राहिलास ना, तेवढा वेळ सुद्धा पुढच्या वेळी घालवायचा नाही. तुझ्या सगळ्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती त्या अर्ध्या तासाची. तू काय विचार करत होतास ते मला कळतं, मी बरीच वर्षं हँगरमध्ये काढली आहेत. लोकं हसतील, मॅनेजर तापेल, लायसन्सवर येईल, आणि बहुतेक टॉर्क दिलाच असेल रे, हात आपोआप करतोच की. हे सगळं त्या अर्ध्या तासात डोक्यात फिरतं आणि तेवढ्या वेळात विमान पुशबॅक होऊ शकतं, म्हणजे जागेवरून मागे ढकलून निघू शकतं. यावेळी नशिबाने ते जमिनीवर होतं.

आता मॅनेजरचं वाक्य घे, "काही झालं नव्हतं ना". हे कधी कळलं? काउल उघडून टॉर्क रेंच लावून बघितल्यावर. त्याच्या आधी ते ना तुला माहीत होतं ना त्यांना. तुझ्या निर्णयाचा हिशोब तुला त्या क्षणी जे माहीत होतं त्यावर करायचा असतो, आणि तुला त्या क्षणी एवढंच माहीत होतं की प्रवासी घेऊन निघालेल्या विमानाच्या इंजिनावर एक काम आहे ज्याची खात्री जगात कोणालाच नाही. अशा वेळी चाळीस मिनिटं ही फार स्वस्तातली किंमत आहे, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये.

तुझ्याच कामाच्या जातीचं एक उदाहरण सांगतो. ५ मे १९८३, ईस्टर्न एअरलाइन्सचं लॉकहीड एल-१०११, तीन इंजिनांचं, मायामीहून नासाऊला निघालं, आत १७२ माणसं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते, म्हणजे ऑइलमध्ये धातूचा चुरा येतोय का ते पकडणारे छोटे चुंबकी प्लग. नेहमी ते प्लग मेकॅनिकच्या हातात ओ-रिंग (ऑइल गळू नये म्हणून असलेली रबरी कडी) लावूनच तयार मिळायचे, फोरमनच्या कपाटात ठेवलेले असायचे. त्या रात्री कपाटात नव्हते म्हणून स्टोअरमधून आणले, आणि त्यांना ओ-रिंग लावलेल्या नव्हत्या. कार्डवर ओ-रिंग लावा असं लिहिलेलं होतं, सह्याही झाल्या होत्या. हवेत गेल्यावर एका इंजिनाचं ऑइल प्रेशर पडलं, ते बंद करून परत फिरले, आणि वाटेत उरलेली दोन्ही इंजिनं पण गेली. काही मिनिटं ते विमान एकही इंजिन चालू नसताना समुद्रावरून खाली येत होतं, लोकांनी लाइफ जॅकेट घातली होती. आधी बंद केलेलं इंजिन परत सुरू झालं म्हणून मायामीला उतरता आलं, कोणी दगावलं नाही.

यात बघ, कोणी कामचुकार नव्हतं. सवयीने हात चालले. "प्लग आला म्हणजे ओ-रिंग आली" हे इतक्या वेळा खरं ठरलं होतं की कोणी बघितलंच नाही. आणि त्या कंपनीत त्याच प्लगच्या ओ-रिंगवरून आधीही प्रकार झाले होते, तेव्हा मेकॅनिकला समज देऊन विषय संपवलेला. म्हणजे "लक्ष द्या रे" हा उपाय करून बघितला होता त्यांनी. आता तू मला लिहिलं नाहीस, पण त्या रात्री दुसऱ्या इंजिनाचं फिल्टर पण तूच बदललंस का? बदललं असशील तर ही पण गोष्ट मनावर घे, एकाच माणसाने एकाच रात्री दोन्ही इंजिनांना तेच काम करू नये, करावं लागलंच तर मधे दुसऱ्या कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी तपासावं. चूक झालीच तर ती एका इंजिनापुरती राहावी, एवढाच हेतू.

म्हणून तुझं "आता जास्त लक्ष देईन" हे वाक्य मला पटलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, हेतू चांगला आहे, पण या वाक्यावर विमान उडवता येत नाही. घराला कुलूप लावून निघालेला माणूस जिना उतरल्यावर "लावलं का रे" म्हणून थबकतो, तेव्हा तो बेफिकीर असतो म्हणून नाही, तर रोज रोज केलेली क्रिया डोकं वेगळी नोंदवून ठेवत नाही म्हणून. शेकडो वेळा टॉर्क दिलेल्या माणसाला आज दिल्याचं आणि परवा दिल्याचं वेगळं करून आठवत नाही. तू त्या बोल्टना टॉर्क दिला होतास, तरीही तुला आठवलं नाही. उलटंही तितक्याच सहज होतं, दिलेला नसतो आणि दिल्याचं "आठवतं", आणि मग माणूस शांत झोपतो. हे जास्त भयंकर आहे. अनुभव वाढला की हे कमी होतं असंही समजू नकोस, उलट हात जितके सरावतात तितकं डोकं मोकळं फिरतं.

मधेच हाक आली आणि तू उठून गेलास, सगळ्याचं मूळ तिथे आहे. कॅनडाच्या ट्रान्सपोर्ट खात्यातल्या गॉर्डन ड्युपाँट यांनी १९९३ मध्ये मेंटेनन्समधल्या चुकांमागची बारा कारणं मांडली होती, त्यात थकवा आहे, दडपण आहे, तोंड न उघडणं आहे, आणि मधेच लक्ष तुटणं हेही आहे. त्यावर हँगरमध्ये एक साधा नियम सांगतात : काम सोडून गेलास तर परत आल्यावर जिथे थांबलास असं वाटतं त्याच्या तीन पायऱ्या मागून सुरू करायचं. जिथे थांबलो "असं वाटतं" तिथून नाही, कारण परत येताना आपलं डोकं नेमकं एक पायरी पुढे जाऊन बसलेलं असतं.

२०१३ च्या मे महिन्यात हीथ्रोवर काय झालं बघ. ब्रिटिश एअरवेजचं ए-३१९. रात्री दोन टेक्निशियननी इंजिनाच्या काउल उघडून तपासणी केली, ऑइल भरायला सामान लागणार होतं म्हणून काउल खाली सोडल्या पण लॅच (काउल पक्क्या धरणाऱ्या कड्या) न लावता, आणि दुसऱ्या कामाला गेले. नंतर काम पुरं करायला आले ते दुसऱ्याच विमानापाशी. तिथल्या काउल बंद होत्या. रात्रीची वेळ, दोन्ही विमानं एकाच प्रकारची, बंद काउल बघून त्यांनी आपल्या मनाची समजूत घातली. सकाळी मूळ विमान उडालं, दोन्ही इंजिनांच्या काउल उडून गेल्या, इंधनाचा पाइप फुटला, उजव्या इंजिनाला आग लागली, तसंच परत येऊन उतरले, माणसं वाचली. उडायच्या आधी को-पायलट फेरी मारून गेला होता, विमान ढकलणारे टगवाले होते, कोणालाच दिसलं नाही, कारण ते लॅच इंजिनाच्या पोटाखाली असतात, बघायचं तर जमिनीशी वाकून बघावं लागतं. पुढे त्या लॅचची रचनाच बदलली, किल्ली आणि त्याला लटकणारी पट्टी आली, लॅच लागल्याशिवाय किल्ली निघतच नाही. माणूस विसरणार हे धरून चालले आणि विसरलेलं लांबून दिसेल अशी सोय केली. हे मला फार मोलाचं वाटतं. तुझ्या हातात लॅच बदलणं नाही पण तुझ्यापुरती अशी सोय तू आजपासून करू शकतोस.

कशी, ते सांगतो. टॉर्क दिला की लगेच बोल्टवर टॉर्क मार्क, म्हणजे रंगाची खूण, तुमच्या मॅन्युअलमध्ये आणि प्रोसिजरमध्ये जे चालतं तेच वापरून. त्याच क्षणी कार्डवर त्या पायरीची सही, हातमोजा काढावा लागला तरी. हाक आली की उठायच्या आधी दोन गोष्टी, कव्हरला टॅग लावायचा आणि कार्डवर लिहायचं "बोल्ट हाताने बसवले, टॉर्क बाकी". पाच शब्द. हाक मारणारा तेवढा वेळ थांबतो, नाही थांबला तर थांबवायचा. आणि टॉर्क रेंच काढून ठेवायचा नाही, तो तिथेच कव्हरपाशी दिसेल असा ठेवायचा, मग काउल बंद करायला गेलास की तोच आडवा येईल, शिवाय शेवटी हत्यारं मोजताना पण सापडेल. टॉर्क झाल्यावरच रेंच उचलायचा. ही माझी स्वतःची जुनी सवय, मला तिने कायम साथ दिली.

पण तू शेवटी "सगळ्या सह्या एकदम" केल्यास, त्यावर मी गप्प बसणार नाही. मला माहितेय हे सगळीकडे चालतं, सीनियरच सांगतात की नंतर बसून सह्या मार, कामाच्या मधे कुठे पेन शोधतोस. पण मग त्या कार्डाचा उपयोग काय राहिला? सकाळी तुला शंका आली तेव्हा ते कार्डच तुला उत्तर देणार होतं. पायरी-पायरीला सही केली असतीस तर फोनवर "कार्ड बघा, टॉर्कची सही आहे का" एवढंच विचारलं असतंस, सही नसती तर काउल उघडली असती आणि असती तर तू झोपला असतास. एकदम केलेल्या सह्यांमुळे सही असूनही तुलाच तिच्यावर विश्वास ठेवता आला नाही. एवढं एक तरी बदल, बाकीचं हळूहळू.

आणि मदतीला जातोस तेव्हाही तुझ्या हातून जे होतं ते कागदावर आलंच पाहिजे. मदत म्हणून केलेलं काम कोणाच्याच कार्डवर नसतं, हा मोठा खड्डा आहे. ११ सप्टेंबर १९९१ ला टेक्सासमध्ये ईगल लेकजवळ काँटिनेंटल एक्स्प्रेसचं छोटं विमान हवेतच तुटलं, १४ जण गेले. शेपटीच्या आडव्या पंखाच्या डाव्या बाजूच्या पुढच्या कडेचे वरचे ४७ स्क्रू बसवलेलेच नव्हते. आदल्या रात्री तिथे काम चालू होतं, एका इन्स्पेक्टरने हातभार म्हणून डाव्या बाजूचे वरचे स्क्रू काढून दिले, मधे शिफ्ट बदलली, आणि पुढच्या शिफ्टने त्या रात्री काम पूर्ण केलं ते उजव्या बाजूचं. डावीकडचे स्क्रू काढलेत हे नव्या माणसांपर्यंत नीट पोचलंच नाही, आणि खालून उभं राहून तो भाग दिसत नाही. सकाळची पहिली फेरी सुखरूप झाली, दुसऱ्या फेरीत घात झाला. हँडओव्हर तोंडी करायचा, लेखी करायचा आणि जमेल तिथे पुढच्या माणसाला विमानापाशी नेऊन बोट दाखवून करायचा, तिन्ही. घरी जायची घाई असते, मला कळतं.

थकव्याबद्दल थोडंच लिहितो कारण ते तुझ्या एकट्याच्या हातात नाही. सलग चौथी नाईट आणि पहाटेचे चार, ही शरीराची सगळ्यात मंद वेळ. साधारण दोन ते सहाच्या मधे मेंदू झोपायलाच बघतो, तू कितीही चहा पी. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि कित्येक देशांत तेवढ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. नाईटच्या आधी दिवसा झोप झाली नसेल तर पहाटे चारला तू त्याच्याही पुढे गेलेला असतोस, आणि वाईट म्हणजे थकलेल्या माणसाला आपण किती थकलोय ते कळत नाही. २२ मे २०१० ला मंगळूरला १५८ माणसं गेली, त्या फ्लाइटचे कॅप्टन वाटेत सुमारे एक तास चाळीस मिनिटं झोपले होते, उठल्यावर डोकं पूर्ण जागं नसताना उतरायला लागले, विमान उंच आणि वेगात होतं, को-पायलटने गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून परत वर चढा, असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी उतरणं चालूच राहिलं. तो को-पायलट बोलला होता, ऐकलं गेलं नाही. तेव्हा नाजूक कामं, इंजिन, कंट्रोल, ही शिफ्टच्या सुरुवातीला घेता येतात का ते तुझ्या लीडला विचारून बघ, आणि पहाटे करावीच लागली तर दुसऱ्याकडून तपासून घे. हे मागण्यात कमीपणा नाही.

आता मॅनेजर. त्यांच्यावर रागावून काही होणार नाही, त्यांना वरून डिलेचा हिशोब द्यावा लागतो आणि कोणीतरी त्यांना त्या चाळीस मिनिटांवरून झापलं असणार. पण सगळ्यांसमोर ते जे बोलले त्याने नुकसान झालं आहे, तुझं कमी आणि बाकीच्यांचं जास्त, कारण त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने मनात नोंद केली की शंका आली तरी फोन करायचा नाही. पुढच्या वेळी ज्याने खरंच टॉर्क दिलेला नसेल तो गप्प बसेल. हे त्यांच्या लक्षात आलेलं नसावं. एकटे असताना, शिफ्टच्या सुरुवातीला, शांतपणे बोल. "सर, त्या दिवशी फ्लाइट लेट झाली याचं मलाही वाईट वाटलं. पण मला खात्री नव्हती आणि खात्री नसताना मी गप्प बसलो असतो तर ते तुम्हालाही चाललं नसतं. हाक आल्यामुळे काम मधे तुटलं होतं, तसं परत होऊ नये म्हणून काय करता येईल ते मला तुमच्याशी बोलायचंय." एवढंच. माफी मागू नकोस फोन केल्याची, सह्या एकदम केल्याची मात्र कबुली दे, ती तुझीच चूक आहे आणि ती स्वतः सांगितलीस तर तुझ्या बाकी बोलण्याला वजन येईल.

आणि काहीच झालं नाही अशा घटनेचा रिपोर्ट कशाला, असं कोणी म्हणालं तर त्याला १९७४ चं सांग. १ डिसेंबरला टीडब्ल्यूएचं एक विमान वॉशिंग्टनजवळ डलस विमानतळाकडे येताना डोंगरावर आपटलं, ९२ माणसं गेली, कारण कंट्रोलरने दिलेल्या परवानगीचा अर्थ कॉकपिटने वेगळा घेतला आणि लवकर खाली उतरले. त्याच्या काही आठवडे आधी युनायटेडच्या एका विमानाने तिथेच तोच अर्थ घेतला होता आणि थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडने आपल्या पायलटना सावध केलं, पण ती गोष्ट बाकीच्यांपर्यंत गेली नाही. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत नासाकडे अशी व्यवस्था आली की कोणीही नाव गुप्त ठेवून आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग कळवू शकेल, आणि पुढे बऱ्याच देशांनी तसं काही ना काही सुरू केलं. तुझ्या संस्थेतही सेफ्टी रिपोर्टचा फॉर्म असणार. कुठेच कोणाला त्रास होत नाही अशी हमी मी देणार नाही, पण स्वतःहून लिहिलेली गोष्ट आणि नंतर सापडलेली लपवलेली गोष्ट यांच्याकडे चौकशीत फार वेगळ्या नजरेने बघतात.

चिडवणाऱ्या पोरांना चिडवू दे. "टॉर्क दिलास ना?" असं कोणी विचारलं की खरंच कार्ड काढून सही दाखव, रागाने नाही, सहज. आणि तुझ्या लायकीचं विचारलंस, तर माझ्या घरची माणसं ज्या विमानात बसतील त्याचं काम अंथरुणातून उठून फोन करणाऱ्या माणसाने केलेलं मला हवं आहे.

त्या रात्रीचा रिपोर्ट अजून लिहिला नसशील तर पुढच्या शिफ्टच्या आधी लिही. किती वाजता हाक आली, कोणत्या पायरीवर काम थांबलं, किती वेळाने परत आलास, टॅग लावला होता का, सह्या कधी केल्या, सलग कितवी नाईट होती, त्या रात्री किती माणसं कमी होती. कोणाचं नाव घ्यायची गरज नाही. शेवटी एक ओळ टाक की इंजिनावर काम करणाऱ्या माणसाला पायरी पूर्ण झाल्याशिवाय दुसरीकडे बोलावू नये, आणि त्याची एक कॉपी स्वतःकडे ठेव.